लेव्हल दहा

३ ऑक्टोबर १९८७, शनिवार

रोजनिशी काल, दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची होती. पुरणपोळीनंतर डोळा लागला. आज शनिवार. शनिवारही काही वाईट नाही.

संकल्प: पहाटे उठणे. रोज लिहिणे. कमी बोलणे.

रिटायर होऊन तीन महिने झाले. ऑफिसातली मंडळी म्हणाली होती, भाऊसाहेब, हेडक्लार्कची खुर्ची सुटली की माणसाला घर खायला उठतं. मला तसं काहीच झालं नाही. करमतं असं नाही, करमत नाही असंही नाही. जेवणाला चव लागत नाही एवढंच. कालिंदी, माझी मंडळी, डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी जीभ बघितली, बीपी बघितलं, सगळं नॉर्मल म्हणाले. मग विचारलं, मनाला काही लागलंय का? म्हटलं, मला सुखही होत नाही आणि दुःखही होत नाही. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. स्थितप्रज्ञ म्हणतात ते हेच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लोकांना जन्मभर साधत नाही, मला तीन महिन्यांत साधलं.

काल सोनं द्यायला ख्वाजा आला नाही. ख्वाजा म्हणजे पलीकडच्या गल्लीतला बाइंडर. ऑफिसची रजिस्टरं त्याच्याकडं बांधायला जायची, तेव्हापासूनची ओळख. वीस-बावीस वर्षं रोज संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर बुद्धिबळ. बहुतेक मीच जिंकलो. गणपतीत जरा बोलाबोली झाली, तेव्हापासून येत नाही. फरक पडलेला नाही.

कालिंदीचा भाऊ गणपतराव मस्कतहून सुट्टीवर आलाय. दाजींना विरंगुळा म्हणून त्यानं कॉम्प्युटर आणलाय. बघायला पाटीएवढा, रबराची बटणं. टीव्हीला जोडायचा. बरोबर एक कॅसेट, तिच्यात बुद्धिबळाचा खेळ. मशीन स्वतः आपल्याशी खेळतं म्हणे. खेळू दे.

४ ऑक्टोबर, रविवार

पहाटे उठलो नाही. रविवार.

गणपतरावानं मशीन जोडून दाखवलं. टेपरेकॉर्डरमधून गाढव आणि कुकर एकदम ओरडल्यासारखा आवाज येतो. कालिंदी पळत बाहेर आली. बऱ्याच वेळानं टीव्हीवर पट उमटला. सुबक आहे, मोहरी ओळखू येतात. मशीननं विचारलं, लेव्हल कुठली, एक ते दहा? गणपतराव म्हणाला, दाजी, एक घाला. मी दहा घातली. इतक्या वर्षांचा खेळ, आता काय बालवाडीत बसू?

पहिल्या चार खेळ्या मशीननं फटाफट केल्या. पाचव्या खेळीला मी वजीर बाहेर काढला. ही माझी ठेवणीतली खेळी. मशीन ठप्प. चहा झाला तरी ठप्प. बटणं दाबून बघितली. शेवटी प्लग काढला.

गणपतराव दुपारी मुंबईला गेला, तिथून विमान. रिक्षात बसता बसता लेव्हलबद्दल काहीतरी सांगत होता. रिक्षाच्या आवाजात ऐकू आलं नाही. महत्त्वाचं असतं तर ओरडून सांगितलं असतं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

काल तेच. आज तेच. वजीर बाहेर निघाला की मशीन थिजतं. अर्थ उघड आहे. त्याच्याकडं उत्तर नाही. माणूस असता तर राजा आडवा करून मोकळा झाला असता. मशीनला हात नाहीत. हे सगळे डाव मी जिंकलेले धरतो.

कालिंदीनं विचारलं, बिघडलंय का? म्हटलं, हरलंय.

ख्वाजाचंही असंच व्हायचं. गेलं वर्षभर तर फारच वेळ घ्यायला लागला होता. पटावर नाक टेकेल इतका वाकून बसायचा. वर एक वाईट सवय लागलेली. एकेका मोहऱ्याला हात लावून बघायचा, मंडईत वांगी चाचपावीत तसा. गणपतीत कट्ट्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर मी सांगून टाकलं, नियम म्हणजे नियम. हात लावलेलं मोहरं चाललंच पाहिजे. तेव्हा त्याचं बोट वजिरावर होतं. चालला असता तर वजीर मरत होता. तो नुसता बसून राहिला. मी म्हटलं, झोपलास काय? आणि पट गुंडाळला. माणसं हसली. तो बराच वेळ चपला शोधत होता. समोरच होत्या.

नियम काही मी केलेला नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार. पौर्णिमा

कालिंदी पौर्णिमेची वाडीला देवदर्शनाला जाऊन आली. प्रसादाचा पेढा दिला. गोड आहे असं तिनं सांगितलं.

विचार केला. मशीन मुकाट्यानं हरतं, हे कुणाला सांगून पटणार नाही. त्यानं रीतसर हरलं पाहिजे. म्हणजे आधी बिघाड शोधला पाहिजे. ऑफिसात एखादी फाईल अडकली की मी एकेका टेबलापाशी जाऊन बघायचो. तीच पद्धत. एकेक कारण घ्यायचं आणि खोडायचं.

पहिलं कारण, उष्णता. मशीन खालून तापतं. टेबलफॅन त्याच्याकडं फिरवला. कालिंदी शेगडीपुढं घामाघूम झाली, पण तिनं समजून घेतलं. म्हणजे काही बोलली नाही.

मशीन गार. तरी ठप्प.

८ ऑक्टोबर, गुरुवार

टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं. ठप्प. टेबल भिंतीपासून ओढून खिडकीशी आणलं. ठप्प. पाठीत उसण भरली.

पहाटे उठण्याचा संकल्प दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून. थंडीही पडेल.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्ल्ड कप सुरू झालाय. आज आपली मॅच होती. शेजारचा डेअरीवाला बाळासो आणि त्याची मित्रमंडळी सकाळीच चटया घेऊन आली. दर वेळी येतात. मी म्हटलं, आज टीव्ही कामात आहे. बाळासो पडद्याकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "काका, ह्यात कायच हलत न्हाय की."

तेच शोधतोय म्हटलं. सगळी डेअरीत रेडिओ ऐकायला गेली. कालिंदीनं चहाचं आधण ठेवलं होतं, ते उतरवलं.

संध्याकाळी कळलं, एका रननं हरलो. माणसं रस्त्यावर डोक्याला हात लावून बसलेली. मी खिडकीतून बघितलं. मला काहीच वाटलं नाही. प्रगती आहे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

टीव्ही मेकॅनिक चमनला बोलावलं. त्यानं मशीन उलटंपालटं करून बघितलं आणि व्होल्टेज म्हणाला. स्टॅबिलायझर बसवला. स्टॅबिलायझर घूं घूं करतो, मशीन ठप्प. मग चमन अँटेनाचा दोष म्हणाला. कौलांवर चढून अँटेना पन्हाळ्याच्या दिशेला वळवला. मशीन ठप्प, पण पटावर आता प्रत्येक मोहऱ्याची सावली दिसते. एकाचे दोन घोडे. मग म्हणाला, कॅसेटच खराब आहे. मी म्हटलं, खराब असती तर पहिल्या चार खेळ्या कशा झाल्या? ह्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या प्रश्नांवर उत्तर नसणारे आता दोन झाले.

जाताना चमननं विचारलं, ख्वाजाचाचाच्या दुकानाचं शटर अर्धंच का असतं? आतलं सामान बाहेर काढताना बघितलं म्हणे. मला माहीत नाही म्हटलं. चौकशी करायला सध्या सवड नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

कालिंदीला मंडईत रशिदाभाभी भेटल्या. ख्वाजाची बायको. दुकान विकलं. दिवाळी झाली की दोघं हुबळीला जाणार, जरीनाकडं. जरीना त्यांची मुलगी, तिकडं दिलेली. कायमचंच जाणार.

ख्वाजाला काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसऱ्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं, आणि तेही राहील असं डॉक्टर सांगत नाहीत. दीड वर्ष त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरात भाभींनाही नाही. पुस्तकं शिवायची सुई बोटात घुसायला लागली तेव्हा भाभींना कळलं.

कालिंदी हे सगळं पिशवी हातात धरून उभ्यानंच सांगत होती. सांगून झाल्यावर माझ्याकडं बघत राहिली. मी विचारलं, त्याचं कटिंग मशीन कुणी घेतलं?

ती आत गेली.

गणपतीतल्या गोष्टीचा आणि ह्याचा संबंध नाही. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना माणूस नियमानं वागला तर तो नियमानंच वागला. आणि डोळ्यांसाठी वेगळा नियम असेल तर तसं त्यानं सांगायला हवं होतं.

आज मशीन लावलं नाही. डोकं जड होतं. हवा बदलतेय.

१८ ऑक्टोबर, रविवार

कालिंदी म्हणते, मशीननं खेळी केली.

झालं असं. काल वजीर बाहेर काढल्यावर लाईटबिलाची रांग आठवली म्हणून मशीन तसंच टाकून बाहेर पडलो. तिथून पेन्शनच्या कामाला ट्रेझरीत. यायला उशीर झाला. तोवर तिनं चकलीची भाजणी करता करता मशीन बंद केलं होतं. आज जेवताना म्हणाली, घोडा आधी इकडं होता, मग तिकडं होता. मी तिला समजावलं, अँटेनामुळं एकाचे दोन दिसतात. ती म्हणाली, दोन्ही हलले.

टेबलाला धक्का लागला असणार. टीव्हीतला घोडा टेबलाच्या धक्क्यानं कसा हलेल, असं तिनं विचारलं. म्हटलं, ते तांत्रिक आहे.

तरी खात्री करावी म्हणून आज तिच्यासमोर लावलं आणि दाढी होईपर्यंत वाट बघितली. सावकाश दाढी केली. काही नाही. बंद केलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

अभ्यंगस्नान झालं. पहाटे नाही, पण झालं.

दर वर्षी ख्वाजाकडं फराळाचं ताट जातं. मी घेऊन जातो. यंदा कालिंदीच गेली. मला मशीनचं काम होतं. नवीन कारण सुचलं होतं, अर्थिंग.

परत आली तेव्हा ताटात शेवया होत्या आणि निरोप होता. तो तिनं ख्वाजाच्याच शब्दांत सांगितला. "भाऊसाबांना म्हणावं, जायच्या आधी एक डाव खेळू. मोहऱ्याला हात लावणार न्हाय. खेळ्या तोंडानं सांगतो, तुम्ही चालवा."

म्हणजे नियम त्यानं मान्य केला. माझं म्हणणं खरं ठरलं. आनंद व्हायला हरकत नव्हती. झाला नाही. बराच वेळ कट्ट्यावर जाऊन बसलो. समोर पोरं भुईचक्र लावत होती. त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

मशीनचं काम हातावेगळं झालं की येतो, असा उलट निरोप पाठवला. अर्धवट काम टाकून उठायची सवय नाही मला.

२४ ऑक्टोबर, शनिवार. भाऊबीज

गणपतरावाचा मस्कतहून डेअरीत फोन आला. बहिणीशी बोलायला. कालिंदीनं ओवाळणीचं वगैरे बोलायचं सोडून त्याला मशीनचंच विचारलं. तो इतका हसला म्हणे की बाळासोला बाहेर ऐकू आलं. मशीन बिघडलेलं नाही. लेव्हल दहावर ते एकेका खेळीला दिवस दिवस घेतं. जितकी वरची लेव्हल तितका लांबचा विचार. पहिल्या चार खेळ्या त्याला पाठ असतात, पुढं डोकं चालवावं लागतं. रिक्षात तो हेच सांगत होता. दोनवर खेळा म्हणाला.

मला पहिल्यापासून हेच वाटत होतं. फक्त खात्री करून घेत होतो.

बाळासोच्या डेअरीत आता सगळ्यांना माहीत आहे. दूध घालायला येणारेसुद्धा विचारतात, सुचलं का त्याला?

लेव्हल कमी करणार नाही. मशीनला दिवस पाहिजे तर दिवस देतो. माझ्याकडं दिवसच आहेत.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सोमवारी सकाळी लावलं. दुपारी लाईट गेली. लाईट गेली की पट पुसला जातो, पुन्हा कॅसेटपासून सुरुवात. मंगळवारी कॅसेटच चढेना. आवाज कमी केला, जास्त केला. गाढव ओरडत राहिलं, पट आला नाही. काल चढली. पाचवी खेळी केली, संध्याकाळी लाईट गेली. आज सकाळीच गेली.

कालिंदी म्हणाली, एवढ्या वेळात ख्वाजाभाईंकडं जाऊन आला असतात. म्हटलं, लाईट गेली की जाणारच होतो, पण मग ती केव्हा येईल सांगता येत नाही.

मशीनवर राग येत नाही. कशावरच येत नाही. बसायला बरं वाटतं एवढंच. टीव्हीचा उजेड असतो.

३ नोव्हेंबर, मंगळवार

ख्वाजा आला होता.

सकाळी लाईट चांगली होती म्हणून वजीर बाहेर काढून बसलो होतो. दिवसभर टिकली. उन्हं उतरता उतरता दारात रशिदाभाभी, आणि त्यांचा दंड धरून ख्वाजा. दोन महिन्यांत खंगलाय. उंबऱ्याला पाय अडखळला. मी उठलो असतो, पण मशीनची खेळी कुठल्याही क्षणी येणार होती.

कालिंदीनं त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. तो टीव्हीकडं तोंड करून बसला, पण जरा बाजूला, जिथं कपाट आहे. विचारलं, काय चाललंय? म्हटलं, मशीन विचार करतंय.

"कवापासनं?"

"सकाळपासनं."

त्यानं बोटांवर तास मोजले. मग म्हणाला, "थांबलायसा की मग, भाऊसाब."

टोमणा नव्हता. मी त्याचं तोंड नीट बघितलं. त्याला बरं वाटलं होतं.

मग म्हणाला, पट सांगा. मी एकेक घर सांगत गेलो. माझा राजा कुठं, त्याचा कुठं, कुठलं प्यादं सरकलंय, कुठला उंट अजून घरातच आहे. तो डोळे मिटून ऐकत होता. मांडीवर बोटं हलत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "दिसतंय. लख्ख दिसतंय."

कालिंदीनं चहा आणला. त्यात साखर घालायची राहिली होती. रशिदाभाभी म्हणाल्या, छान झालाय.

ख्वाजानं विचारलं, एक डाव होईल का, तोंडी? म्हटलं, होईल की, एवढी याची खेळी आली की लगेच. त्याला ते पटलं. म्हणाला, घेऊ दे त्याला वेळ. मग आम्ही दोघं बसलो. त्यानं सांगितलं, जरीनाचं घर तळमजल्यावर आहे, पायऱ्या नाहीत. मी सांगितलं, ऑफिसात माझ्या जागी अजून कुणी दिलेलं नाही. स्टॅबिलायझर घूं घूं करत होता. एरवी त्याचा त्रास होतो. आज झाला नाही.

दिवेलागण झाली. भाभी म्हणाल्या, अजून सामान बांधायचंय, परवा सकाळची गाडी आहे. ख्वाजा उठला. त्यानं हात पुढं केला तो माझ्या खांद्याला लागला. तसाच थोडा वेळ ठेवला.

"उद्या या घराकडं. डाव ऱ्हायलाय."

येतो म्हटलं.

रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि लाईट गेली. पट गेला.

४ नोव्हेंबर, बुधवार

आज जायचं ठरलेलंच होतं. दिवसभर लाईट ये-जा करत होती. दुपारनंतर स्थिर झाली. वाटलं, आत्ता लावावं. मशीननं नेमकं काय उत्तर दिलं ते ऐकायची ख्वाजालाही उत्सुकता असणार. ते घेऊनच जावं. रिकाम्या हातानं जाऊन काय बोलायचं?

लावलं. वजीर काढला. बसलो.

कालिंदीनं इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला होता. जेवणानंतर तिनं तो परत कपाटात ठेवला.

मशीन चालूच ठेवलंय.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कालिंदी स्टँडवर निघाली. दशम्या, शेंगांची चटणी, दह्याचा मातीचा सट बांधून घेतला. दारात उभं राहून तिनं एकदाच विचारलं, येताय ना? म्हटलं, तू पुढं हो. लाईट रात्रभर गेलेली नाही, म्हणजे खेळी जवळ आली. आली की सायकल काढतो, गाडी सुटायच्या आत पोचतो.

चपला घालून बसलो होतो. म्हणजे वेळ जायला नको.

आली नाही.

कालिंदी दुपारी परत आली. तोंड धुतलं, पाणी प्याली. म्हणाली, गाडीला गर्दी होती, पण खिडकी मिळाली. ख्वाजा खिडकीत बसून विचारत होता, भाऊसाब कुठं उभे आहेत? त्याला वाटलं, मी आहे आणि त्यालाच दिसत नाही. तिनं सांगितलं, यांना ताप आलाय. तो म्हणाला, मग कशाला त्रास, झोपू द्या. डाव पुढच्या खेपेला.

गाडी हलल्यावर त्यानं हात केला. तिथं कुणी नव्हतं म्हणे, खांब होता.

मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही.

आज मॅच होती, सेमीफायनल. म्हणून लाईट ठेवली असेल. बाळासो वगैरे टीव्हीसाठी माझ्याकडं आले नाहीत. आता येतच नाहीत. दुपारभर डेअरीतून ओरडा ऐकू येत होता, मग कमी कमी होत गेला, मग बंद झाला. हरलो असणार.

त्या सुमाराला मशीननं खेळी केली.

आवाज नाही, काही नाही. मी बघतच होतो तरी मला हलताना दिसलं नाही. आधी एक प्यादं एका घरात होतं, मग पुढच्या घरात होतं. एक घर. इतका विचार करून एक प्यादं, एक घर.

कालिंदीला हाक मारून सांगितलं. ती मागच्या दारी भांडी घासत होती. हं म्हणाली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

पट तसाच आहे. प्यादं माझ्या वजिरावर आलंय. वजीर डावीकडं घ्यावा तर उंट मारतो. उजवीकडं घोडा आहे. आल्या वाटेनं मागं घ्यावा तर मग बाहेर काढलाच कशाला? पुढं जायला एक घर आहे, पण तिथून परत येता येणार नाही.

सकाळ गेली. जेवलो. पुन्हा बसलो. काय जेवलो ते आठवत नाही. एकदा वाटलं सुचलं, बटणावर बोट ठेवलं, पण ते बरोबर नव्हतं. मशीनला घाई नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकतोय, तेवढाच.

दुपारी कालिंदी केर काढत आली. खुर्चीखालून केरसुणी फिरवली, मी पाय वर घेतले. ती टीव्हीपुढं थांबली. पटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"परत बंद पडलं का?"

म्हटलं, "नाही. माझी खेळी आहे."